पोर्तुगाल : पाऊस थंडीत, उन्हाळा कोरडा आणि घरात स्वेटर

साळुंकी

पोर्तुगालचं नाव काढलं की आपल्याकडे गोवा, फुटबॉल आणि अलीकडे पासपोर्ट, यापुढे गप्पा जात नाहीत. मी पोर्तूला राहते. कामामुळे देशभर हिंडणं होतं आणि हिंडून हिंडून माझं एक मत पक्कं झालंय. इथलं काहीही समजून घ्यायचं असेल, म्हणजे झाडं, द्राक्षं, वणवे, घरं, तर आधी इथला पाऊस कधी पडतो ते बघावं. किती पडतो ते नंतर.

देश लहान. अझोर्स आणि मदेरा ही बेटं धरून सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. उभा साधारण ५६० किलोमीटर आणि रुंदीला सव्वादोनशेच्या आत. मधोमध तेजो नदी. तिच्या उत्तरेला डोंगरच डोंगर, दक्षिणेला अलेंतेजोची लांबलचक सपाटी आणि तळाशी अल्गार्वचा किनारा.

आता पाऊस. लिस्बनला वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, पुण्याच्या जवळपास तेवढाच. पण पुण्याचा जून ते सप्टेंबर, लिस्बनचा ऑक्टोबर ते एप्रिल. जुलैच्या अख्ख्या महिन्यात पाच मिलिमीटर पडला तरी खूप झालं. कारण अझोर्स बेटांच्या आसपास ठाण मांडून बसलेला जास्त दाबाचा प्रदेश. उन्हाळ्यात तो उत्तरेला सरकतो आणि अटलांटिकवरून येणारी आवर्तं, म्हणजे पावसाची वादळं, वरच्या वर ब्रिटनकडे वळवतो. हिवाळ्यात तो खाली उतरला की तीच आवर्तं एकामागून एक पोर्तुगालवर येऊन आदळतात. एखाद्या हिवाळ्यात तो हललाच नाही तर दुष्काळ.

म्हणजे झाडांना ऊब असते तेव्हा पाणी नसतं आणि पाणी असतं तेव्हा ऊब नसते. आपल्या मान्सूनच्या बरोब्बर उलट. आपल्याकडे दोन्ही एकदम मिळतात म्हणून जूनमध्ये आठवडाभरात डोंगर हिरवे होतात. इथे डोंगर हिरवेगार बघायचे तर फेब्रुवारी-मार्चमध्ये या, ऑगस्टमध्ये सगळं पिवळं पडलेलं असतं.

बाकीचं हळूहळू लिहिते. प्रश्न विचारा.

नकाशेवाला

छान धागा. शाळेत तीस-एक वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे राहवत नाही म्हणून भर घालतो.

'भूमध्य सागरी हवामान' आम्ही पोरांना एका ओळीत शिकवायचो : उन्हाळे कोरडे, हिवाळे पावसाळी. गंमत म्हणजे पोर्तुगालला भूमध्य समुद्राचा किनाराच नाही, सगळा किनारा अटलांटिकचा. तरी देशाचा बहुतेक भाग याच हवामानाचा.

दुसरं, पर्जन्यछाया. वायव्येला मिन्यो प्रांत, त्यात जेरेशचे ग्रॅनाइटचे डोंगर. समुद्रावरचे ढग थेट त्यांना धडकतात आणि काही ठिकाणी वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला मारांवचा डोंगर ओलांडून डोरो नदीच्या खोऱ्यात उतरलं की स्पेनच्या सरहद्दीपर्यंत तो चार-पाचशेवर येतो. महाबळेश्वर ते माण-खटाव हा प्रकार ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. फक्त सह्याद्रीवर ढग नैर्ऋत्येकडून येतात जून ते सप्टेंबरात, तिथे पश्चिमेकडून नोव्हेंबर ते मार्चात.

मारांवपलीकडच्या त्राझ-ऊश-मोंतिश प्रांतात लोक म्हणतात, आमच्याकडे नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक.

तिरकस

पण जाहिरातीत तर 'वर्षाचे ३०० दिवस ऊन' असतं. खरं कोण?

साळुंकी

@तिरकस, जाहिरात अल्गार्वची असते. ती डोक्यात ठेवून पोर्तूला डिसेंबरात येणाऱ्याचे हाल होतात. पोर्तूचा पाऊस लिस्बनच्या दीडपटीहून जास्त आणि तो सर येऊन गेली असा नसतो. तीन-चार दिवस सलग झिमझिम, आडवा वारा, छत्री उलटी. कचरापेट्यांतून मोडक्या छत्र्यांच्या काड्या बाहेर आलेल्या दिसल्या की समजायचं नोव्हेंबर लागला.

निफाडकर

ताई, माझा प्रश्न द्राक्षाचा. आमची बाग आहे. डोरोचे फोटो पाहिलेत, उतारावर पायऱ्या पाडून वेली लावल्यात. चार-पाचशे मिलिमीटरमध्ये आमच्याकडे ठिबकशिवाय बाग जगत नाही. हे लोक कसं करतात? छाटणी कधी घेतात? माती कुठली?

साळुंकी

@निफाडकर, हा प्रश्न यावा अशी वाटच बघत होते.

माती म्हणाल तर माती नाहीच. शिस्ट नावाचा पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक आहे, उभा चिरलेला. डोरोच्या उतारावर हातात घेऊन दाबला तर पाटीच्या तुकड्यासारखा थर सुटून येतो. जुन्या लोकांनी हा खडक पहारीने फोडून त्याचीच बाग केली आणि निघालेल्या दगडांचे बांध रचले, चुना-सिमेंट न वापरता. हिवाळ्यातला पाऊस त्या उभ्या चिरांतून खोल मुरतो. वेलीची मुळं त्याच चिरांतून कित्येक मीटर खाली जातात आणि उन्हाळाभर ते पाणी पितात. वर बघाल तर सगळं भाजून निघालेलं असतं, तापमान चाळिशीला टेकलेलं, पण वेल हिरवी. हाच दगड दिवसभर तापतो आणि रात्री ऊब सोडतो, त्याने गोडी भरते. नव्या बागांत आता ठिबकही दिसायला लागलंय, उन्हाळे वाढत चाललेत म्हणून.

छाटणी एकच. तुमच्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी असं दोनदा नाही. कारण थंडीत पानं गळून वेल झोपते, तुमच्याकडे ती झोपतच नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत कात्री, मार्चअखेर डोळे फुटतात, मेमध्ये फुलोरा, सप्टेंबरात तोडणी. सगळा माल दारूसाठी, खायच्या द्राक्षाचा बाजार तिथे नाही.

डोरोच्या या पट्ट्याची सरकारी हद्द १७५६ मध्येच आखली गेली, तेव्हाचा मुख्य मंत्री पॉम्बाल याच्या कारकिर्दीत. आणि उतारावर मधूनच ओसाड, झुडपं माजलेल्या पायऱ्या दिसतात. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या किडीने बागा मेल्या, त्यातल्या काही पुन्हा कधी लावल्याच नाहीत. काही ठिकाणी त्यांच्यावर ऑलिव्ह उभे आहेत.

निफाडकर

समजलं. किडीला टिकणाऱ्या खुंटावर कलम न करता लावलेल्या बागा असतील, म्हणून गेल्या. आणि पावसाळी भागात, त्या मिन्योत, द्राक्ष आहे का? तिथं तर केवडा, म्हणजे पानांवरची बुरशी, सोडणार नाही.

साळुंकी

आहे की. केवडा येतोच, फवारणीही करतात. म्हणूनच तिथे वेली जमिनीपासून उंच चढवायची जुनी पद्धत, ग्रॅनाइटचे खांब रोवून वर मांडव. घडांना वारा लागतो आणि मांडवाखाली मका, कोबी, बटाटा. जमीन तुकड्या-तुकड्यांची, माणशी वाटणी लहान, त्यामुळे एका तुकड्यात दोन पिकं घेणं भागच होतं. आता यंत्रं फिरावीत म्हणून नव्या बागा तारेवरच्या सरळ ओळींत लावतात, पण खेड्यांत घरासमोर जुना मांडव अजून दिसतो. तुम्ही बघाल तर पहिल्यांदा त्याच्या गाठी तपासाल!

पेडण्याचो

मी लिस्बनला असतो, मूळ गाव पेडणे. शीर्षकातल्या स्वेटरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

इथे जानेवारीत बाहेर दुपारी १४-१५ अंश, रात्री आठच्या आसपास. कागदावर हे काहीच नाही, जर्मनीवाले हसतात. पण जर्मनीत घराच्या आत २१ अंश असतात. इथे जुन्या घरांना ना गरम करायची यंत्रणा, ना भिंतीत अस्तर. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून बांधलेलं, ते हिवाळ्यातही इमानाने गारच राहतं. पाऊस थंडीतच असल्यामुळे ओल वर. सकाळी काचांवरून पाण्याचे ओघळ, कपाट भिंतीला टेकवलं की मागे काळी बुरशी. आम्ही कपाट वीतभर पुढे ओढून ठेवतो. हवेतलं पाणी ओढणारं यंत्र लावलंय, त्याची टाकी सकाळी भरलेली मिळते. आमच्या घरमालकांचं यावर एकच उत्तर, 'खिडकी उघडी ठेवा.'

गोव्यात पावसाळ्यात चपलेला बुरशी येते तेव्हा निदान अंगाला ऊब असते. इथे बुरशी आणि हुडहुडी एकत्र. मित्रांकडे जेवायला गेलो तर जॅकेट न काढता बसतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

घर भाड्याने घेणाऱ्यांना सल्ला : खिडक्या दक्षिणेला आहेत का ते आधी बघा. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत येतं. उत्तरेची खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

वांद्रे_लोकल

वाचतेय. मस्त चाललाय धागा. वणव्यांबद्दल पण लिहा ना कुणीतरी. दर उन्हाळ्यात बातम्या येतात.

नकाशेवाला

साळुंकीताईंच्या मूळ मुद्द्याचाच तो पुढचा भाग. हिवाळ्याच्या पावसावर झुडपं, गवत भरभरून वाढतं आणि जूनपासून पाऊस बंद झाला की तेच वाळून सरपण होतं. पाऊस चांगला झाला म्हणून निश्चिंत राहावं असं तिथे नाही. ओल्या वसंतानंतर जळायला उलट जास्त मिळतं.

पण सगळं हवामानावर ढकलणं मला पटत नाही. मधल्या डोंगराळ भागातली खेडी गेल्या साठेक वर्षांत रिकामी झाली. तरुण फ्रान्सला, लिस्बनला गेले, शेळ्या गेल्या, सरपण गोळा करणारे हात गेले. मोकळ्या जमिनींवर पाइन आणि निलगिरी आली. निलगिरी ऑस्ट्रेलियाची, कागदाच्या लगद्यासाठी लावलेली, आज तिथल्या जंगलाचा साधारण चौथा हिस्सा तीच आहे. तिच्या सालीच्या पेटत्या धलप्या वाऱ्याने उडून आग पुढे नेतात.

१७ जून २०१७ ला पेद्रोगांव ग्रांदजवळ वणवा लागला, त्यात ६६ माणसं गेली. बरेच जण पळून जाताना रस्त्यावर, गाड्यांतच. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या मध्यात, ओफेलिया चक्रीवादळ पश्चिमेच्या समुद्रातून जात असताना त्याच्या वाऱ्याने पुन्हा भडका उडाला. वर्षाचे बळी शंभराच्या वर गेले. लेइरियाचं शतकानुशतकं जपलेलं पाइनचं सरकारी जंगल त्या ऑक्टोबरात बहुतेक सगळं जळालं.

साळुंकी

आता घराभोवतीच्या ५० मीटरमधलं झाडझाडोरा साफ करणं कायद्याने बंधनकारक आहे, नाही केलं तर दंड. एप्रिल-मेमध्ये खेड्यात गेलं की दिवसभर गवत कापायच्या यंत्रांची घरघर. सत्तरी ओलांडलेली माणसं उतारावर हे करताना दिसतात, कारण करणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. कायदा शहरात बसून लिहिलेला वाटतो, पण दुसरा उपाय मलाही सुचत नाही.

आणि याच देशात आगीला पुरून उरणारं झाड आहे, कॉर्कचा ओक. त्याची जाड साल म्हणजे चिलखतच. वणवा गेला तरी आतलं झाड बऱ्याचदा जिवंत राहतं आणि पुन्हा फुटतं. अलेंतेजोत हे ओक विरळ उभे असतात, खाली गवत, मेंढ्या, डुकरं. जगातला निम्मा कॉर्क एकट्या पोर्तुगालचा.

साल काढायचं काम मी एव्होराच्या बाजूला बघितलंय. दोन माणसं आणि दोन कुऱ्हाडी. मे ते ऑगस्ट हाच हंगाम, कारण झाडात रस खेळत असतो तेव्हाच साल सुटते. कुऱ्हाडीने उभी चीर देतात आणि मग दांड्याचं पाचरीसारखं टोक आत घालून हळूच उचकटतात. साल सुटताना करकर आवाज होतो. अर्धगोल पन्हळीसारखा अख्खा तुकडा हातात येतो, आत खोड लालबुंद. घाव खोल गेला तर झाडाला इजा होते, म्हणून कसबी माणसालाच हात लावू देतात, मजुरीही शेतीतल्या इतर कामांपेक्षा चांगली. मग खोडावर पांढऱ्या रंगाने आकडा लिहितात, साल काढलेल्या वर्षाचा शेवटचा अंक. ३ म्हणजे २०२३, पुढची काढणी २०३२. मध्ये नऊ वर्षं हात लावायचा नाही. लावल्यापासून पहिली साल निघायलाच पंचवीस वर्षं जातात आणि बाटलीच्या बुचाला चालेल अशी साल तिसऱ्या काढणीला मिळते. म्हणजे लावणारा स्वतःसाठी लावतच नाही.

तिरकस

नऊ वर्षांची एफडी, व्याज दारूवाल्यांना. बरं, समुद्राचं सांगा. ऑगस्टमध्ये लिस्बनजवळ पाण्यात पाय घातला आणि किंचाळलो. हवा ३० अंश आणि पाणी बर्फाचं?

नकाशेवाला

बर्फाचं नव्हे, १७-१८ अंशांचं. उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर दुपारी उत्तरेचा जोरदार वारा सुटतो, त्याला तिथे नोर्ताद म्हणतात. तो पृष्ठभागावरचं पाणी ढकलतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते किनाऱ्यापासून पश्चिमेला, समुद्रात आत जातं. रिकाम्या जागी तळाचं गार पाणी वर येतं. ते अन्नद्रव्यांनी भरलेलं असतं, म्हणून सार्डिन मासा. जूनमध्ये लिस्बनच्या गल्लोगल्ली सार्डिन भाजतात त्यामागे हा वारा आहे. कोमट पाणी हवं असेल तर अल्गार्वला जा. तो किनारा दक्षिणाभिमुख, नोर्तादच्या आडोशाला.

नाझारे गावाच्या प्रसिद्ध अजस्र लाटाही याच किनाऱ्यावरच्या. तिथे समुद्रतळाला मोठी घळ आहे, किनाऱ्याच्या अगदी जवळून सुरू होते आणि आत जाऊन पाच हजार मीटर खोल पोचते. हिवाळी वादळांच्या लाटा घळीतून वेग न गमावता येतात, शेजारच्या उथळ पाण्यातून येणाऱ्या मागे पडतात आणि किनाऱ्यापाशी दोन्ही एकमेकींवर चढतात. २९ ऑक्टोबर २०२० ला सेबास्टियन श्टॉइटनर हा जर्मन सर्फर जिच्यावरून घसरत आला ती लाट २६.२१ मीटरची मोजली गेली.

पेडण्याचो

नोर्ताद आणि सिंत्रा! लिस्बनमध्ये लख्ख ऊन, ट्रेनने तासाभरात सिंत्राला उतरावं तर धुकं आणि बारीक तुषार. डोंगर जेमतेम सव्वापाचशे मीटरचा, पण समुद्राला लागून उभा, त्यामुळे ढग तिथेच अडकतात. झाडांवर शेवाळ, नेचे, भर उन्हाळ्यात ओल. राजघराण्याने उन्हाळ्यासाठी ती जागा उगाच नाही निवडली. ओळखीचा कुणी आला की मी आधीच सांगतो, जॅकेट घे. घेत नाहीत.

गावची आठवण मला आवेइरूला येते. खाडी, मिठागरं, फावड्याने ओढलेल्या मिठाच्या ढिगांच्या रांगा. आमच्याकडे पेडण्यात आगरवाड्याला असंच. पण आमचे मिठागरी डिसेंबर ते मे कामाला असतात आणि पाऊस आला की बंद. त्यांचं काम उन्हाळ्यात, सप्टेंबर संपता संपता बंद. इथेही कॅलेंडर उलटं.

निफाडकर

दक्षिणेचं काय? त्या अलेंतेजोत पाणी कुठून आणतात?

साळुंकी

हिवाळ्याचं पाणी अडवून. ग्वादियाना नदीवर अल्केव्हाचं धरण आहे, दारं २००२ मध्ये बंद केली. भरलं की अडीचशे चौरस किलोमीटर पाणी. लूझ नावाचं गाव बुडालं, ते थोड्या अंतरावर नव्याने बसवलं. उन्हाळा तिथे भयंकर. देशातला उच्चांक याच भागातल्या अमारेलेजाचा, ऑगस्ट २००३ मध्ये ४७ च्या वर. धरणाच्या पाण्यावर आता ऑलिव्हच्या दाट लागवडी झाल्यात, झाडं कुंपणासारखी ओळीत आणि वरून यंत्र जातं. जुनी मंडळी नाकं मुरडतात. मला स्वतःला ती लागवड आवडत नाही, पण ओसाड पडलेल्या गावांत काम आलं हेही खरं.

ग्वादियाना, तेजो, डोरो तिन्ही नद्या स्पेनमधून येतात. वरून किती पाणी सोडायचं यासाठी १९९८ चा करार आहे. दुष्काळात दर वेळी त्यावरून कुरबुर होते. कृष्णा-भीमेवाल्यांना हे नवीन नाही.

पेडण्याचो

अलेंतेजोच्या पश्चिम किनाऱ्यावर ओदमीरा भागात मात्र वेगळंच चित्र. समुद्रामुळे हिवाळ्यात कडाका नाही, उन्हाळ्यात भट्टी नाही, म्हणून प्लास्टिकच्या बोगद्यांत रास्पबेरी. तोडणारे हात बरेचसे नेपाळी, पंजाबी. तिथल्या छोट्या गावात किराणा दुकानात बासमती आणि मोहरीचं तेल मिळतं. पाणी सांता क्लाराच्या धरणाचं, आणि ते धरण अलीकडच्या वर्षांत खूप खाली गेलेलं पाहिलंय.

वांद्रे_लोकल

आता माझा कामाचा प्रश्न. आईबाबांना घेऊन यायचंय, दोघंही साठीच्या पुढे, आईचे गुडघे दुखतात. बर्फ बघायची बाबांची इच्छा, आईला बेटं. कुठला महिना? आणि भूकंपाचं काही?

नकाशेवाला

बर्फासाठी सेरा दा एस्त्रेला, मुख्य भूमीवरचा सगळ्यात उंच डोंगर, १९९३ मीटर. माथ्यावर सात मीटरचा दगडी मनोरा बांधून दोन हजार पूर्ण केलेत! गाडी थेट माथ्यापर्यंत जाते, पण बर्फ पडला की रस्ता बंद होतो. खाली मांतेइगाशकडे उतरताना झेझेरे नदीची दरी नक्की दाखवा, हिमनदीने कोरलेली, अगदी इंग्रजी 'यू' आकाराची.

भूकंप : १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बन भूकंप, त्सुनामी आणि आगीने उद्ध्वस्त झालं. खालचं शहर नंतर भिंतींत लाकडी सांगाडा घालून पुन्हा बांधलं. अधूनमधून हलकं हलतं, ऑगस्ट २०२४ मध्ये ५.३ चा झाला. त्यासाठी सहल रद्द करू नका.

साळुंकी

@वांद्रे_लोकल, बर्फ आणि बेटं एका फेरीत जमणार नाही. बर्फ जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हा बाकी देश ओला असतो. आईंच्या गुडघ्यांचा विचार करता मे अखेर ते जूनचा मध्य घ्या. हिरवळ उरलेली असते, चाळिशीचा उन्हाळा अजून यायचा असतो, उजेड रात्री नऊपर्यंत. १३ जूनच्या आसपास लिस्बनमध्ये सार्डिनचा सण सापडेल, पण हॉटेलं महाग.

लिस्बनचे फुटपाथ चुनखडीच्या चौकोनी दगडांचे, वापरून गुळगुळीत झालेले, वर चढ-उतार. सर पडली की घसरतातच. रबरी तळव्याचे बूट आणा.

बेटांत मदेरा घ्या. उत्तर बाजू ढगाळ, दक्षिणेला ऊन, मध्ये १८६२ मीटरचा पिको रुइवो. उत्तरेचं पाणी पाटांनी दक्षिणेच्या शेतांना आणलंय, त्या पाटांच्या कडेने चालायच्या वाटा आहेत. काही अगदी सपाट, आईंना जमतील. अझोर्स सुंदर, पण तिथे एका दिवसात चारही ऋतू होतात आणि ढग आले की ज्या तळ्यासाठी गेलात ते दिसत नाही.

पेडण्याचो

एक राहिलं. मदेराच्या राजधानीचा, फुंशालचा विमानतळ वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे, धावपट्टीचा काही भाग समुद्राकाठी खांबांवर उभा. वारा सुटला की विमानं शेजारच्या पोर्तु सांतू बेटावर किंवा थेट लिस्बनला परत. त्यामुळे मदेराहून परत यायचा दिवस आणि मुंबईचं विमान यांत निदान एक रात्र मोकळी ठेवा. मदेरा शेवटी नको, सहलीच्या मध्यात घाला.